करंगळीकडचा निरोप

रशिदा मॅडमनं एकदा हात हातात घेतला की तो लवकर परत मिळायचा नाही. तोंडानं ख्यालीखुशाली चाललेली असायची, आणि खाली त्यांची बोटं तुमची बोटं चाचपत असायची. मी कॉलेजात मुलाखतीला गेले, तेव्हा प्राचार्यांच्या शेजारी त्या बसल्या होत्या. नमस्कार केला तर म्हणाल्या, "नमस्कार राहू दे, हात दे." दिला. माझी करंगळी त्यांनी उजेडाकडं धरली.

"ही आत वळलेली आहे. आईची का वडिलांची?"

"आत्याची," मी म्हटलं. घाबरून खरंच बोलले.

"लो! आत्याची म्हणे. सर, ठेवून घ्या हिला. हिला घरातल्यांचे हात माहीत आहेत."

झाली माझी नेमणूक. माझ्या पदव्यांची फाइल मांडीवरून उठलीच नाही. मी सोयगावची, म्हणून त्या दिवसापासून माझं नाव 'सोयगाव' पडलं. "ए सोयगाव, चिमटा आण." "सोयगाव, जेवलीस का?" माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला पुढं कित्येक वर्षं शंका होती.

मॅडम ठेंगण्या, गोऱ्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. मूळच्या खुलताबादच्या. शाळा झाली उर्दूत, मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं आणि सगळंच बदललं. पुढचं शिक्षण इंग्रजीत आणि शिकवणं मराठीत. त्यामुळं त्यांचं वाक्य कुठल्या भाषेत सुरू होईल आणि कुठल्या भाषेत बसेल, ते त्यांनाही ठाऊक नसायचं. गर्भाला त्या 'जनीन'च म्हणायच्या, अगदी उर्दू शाळेतल्यासारखं. परीक्षेत पोरंही बिनधास्त तसंच लिहायची आणि बाहेरचे परीक्षक डोकं धरून बसायचे.

विषय प्राणिशास्त्र, आणि त्यातही एकच वेड: हात कसा होतो. म्हणजे अंड्यातल्या पिल्लाचा पंख, पण मॅडमच्या लेखी तो हातच. वर्गात पहिलं वाक्य ठरलेलं. "तुमचा हात आधी हात नव्हता. अंगाच्या बाजूला एक फुगवटा होता, बस. न बोटं, न कोपर. मग त्याला कळलं कसं, की इकडं अंगठा करायचा आणि तिकडं करंगळी?" मग जरा थांबायचं. कुणीतरी पुढच्या बाकावरून म्हणायचं, "देवाची करणी." त्यावर, "हौ, देवाचीच. पण देवानं केलं कसं ते सांग ना! देव काय प्रत्येक अंड्यात येऊन बसतो का?"

तर त्या फुगवट्याच्या करंगळीकडच्या कडेला थोड्या पेशी असतात. त्या शेजारच्या पेशींना निरोप धाडतात. जवळच्यांना निरोप दाट मिळतो, त्या करंगळीकडची बोटं करतात. लांबच्यांना पातळ मिळतो, त्या दुसऱ्या टोकाची करतात. परदेशात कुणी त्या पेशी काढून दुसऱ्या पिल्लाच्या उलट्या कडेला लावल्या, तर निरोप दोन्हीकडून सुटला आणि पंखाला दोन्ही बाजूंनी बोटं आली, आरशात पाहावी तशी. मॅडमनं हे पुस्तकात वाचलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं म्हणून त्या वर्षानुवर्षं अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून तशाच पेशी लावत होत्या आणि ती अंडी उबवत होत्या. शहरात सगळे त्यांना 'अंडेवाली मॅडम' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

हा निरोपाचा प्रकार पोरांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनी अत्तराचा तास घेतला. तो आमच्या कॉलेजात अजून सांगतात. बाक बाजूला सारले, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. पोरापोरींना एका लांब रांगेत डोळे मिटून उभं केलं आणि एका टोकाला मॅडम हिन्याची बाटली उघडून उभ्या राहिल्या. "मी करंगळीवाली पेशी. ज्याला वास जोरात येईल त्यानं करंगळी वर करायची. मध्यम आला तर मधलं बोट. नाहीच आला तर अंगठा." खरं सांगते, जरा वेळानं करंगळ्या, मग मधली बोटं, मग अंगठे, असं ओळीनं उभं राहिलं. मधेच करंगळ्यांच्या गर्दीत एक अंगठा होता. त्या पोराला सर्दी झाली होती. "अरे वा, याला निरोप ऐकूच येत नाही! असेही असतात," म्हणून मॅडमनं त्याची पाठ थोपटली. मग दुसरी बाटली घेऊन मला दुसऱ्या टोकाला उभं केलं. झालं! अंगठ्यांचा पार बाजार उठला, तिकडंही करंगळ्या वर झाल्या.

नेमके तेव्हाच प्राचार्य व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी दार ढकललं. आत अंधार, दरवळ, आणि दोन्ही टोकांना डोळे मिटून करंगळी वर धरलेली पोरं. प्राचार्य कळवळून म्हणाले, "अहो मॅडम, इतक्या पोरांना लागलीय, तर सोडा की त्यांना!"

दुसरी गोष्ट मीटिंगची. तेव्हा वीज भर दुपारी जायची, आणि मॅडमच्या अंड्यांची पेटी विजेवर. एकदा प्राचार्यांनी शिस्तीवर सगळ्या प्राध्यापकांची मीटिंग लावलेली. त्यांचं भाषण ऐन रंगात आलेलं, तेवढ्यात दिवे गेले. मॅडम उठून गेल्या आणि टोपली घेऊन आल्या. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन अंडी. "छातीशी धरा. हलायचं नाही, जोरात बोलायचं नाही, आत लेकरं आहेत." अर्थशास्त्राचे एक सर होते, त्यांना हातवारे केल्याशिवाय बोलताच यायचं नाही; ते त्या दिवशी गप्प बसले. एरवी भांडणारे दोघं एकमेकांना हळूच "तुमचं गरम आहे का हो?" असं विचारत होते. प्राचार्यांनी उरलेलं भाषण काखेत अंडं धरून, अगदी अंगाई म्हणावी तशा आवाजात केलं. शिस्तीवर इतकी शिस्तीत झालेली मीटिंग मी परत पाहिली नाही. शेवटी गणिताच्या सरांना शिंक आली आणि त्यांचा शर्ट गेला. मॅडम खाली बसून "हाय रे मेरा बच्चा" म्हणत कवची गोळा करत होत्या, आणि गणिताचे सर स्वतःच्या हातानं खून झाल्यासारखे उभे होते.

पण त्याच टोपलीतलं एक पिल्लू जगलं. मॅडमनं भिंगाखाली पाहिलं आणि मला ओरडून हाक मारली. पंखाच्या नको त्या बाजूला बोटासारखं काहीतरी दिसत होतं. मी तर टाळ्याच वाजवल्या. म्हटलं, मॅडम, झालं, जिंकलात! त्या मात्र पुन्हा पाहत बसल्या. अख्खी दुपार पाहत होत्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नाही गं. कातडी दुमडलीय. मला पाहायचं होतं म्हणून दिसलं." मी म्हटलं, कुणाला काय कळतंय, चालून जाईल. असल्या भडकल्या माझ्यावर! दोन दिवस मला 'सोयगाव'सुद्धा म्हणाल्या नाहीत.

खोटं त्यांना बोलताच यायचं नाही. प्राचार्यांच्या बायकोनं खीर कशी झाली विचारलं, तर "दूध करपलंय, पण वेलची चांगली आहे," असं सगळ्या पाहुण्यांत सांगून मोकळ्या. जे डोळ्यांना दिसलं ते तोंडातून गेलंच पाहिजे, आणि तेही व्हरांड्याच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल असं. गुपित म्हणून त्यांना काही सांगायची सोय नव्हती.

अशात एक दिवस सुलभा आली. आमचीच विद्यार्थिनी, अंड्याच्या कवचाला खिडकी पाडण्यात तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. लग्न होऊन पैठणला विणकरांच्या घरात पडली होती आणि बाळंतपणाला माहेरी, इथं शहरात आली होती. कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं पोर. मॅडमनं सवयीनं आधी पोराचा हात सोडवला आणि किंचाळल्या, "माशाअल्लाह! सोयगाव, धाव! सहा आहेत, सहा!"

करंगळीच्या शेजारी आणखी एक इवलं बोट होतं, बारक्या देठावर लोंबणारं, नखासकट. मॅडम त्याच्याकडं पाहून हरखून गेल्या होत्या. आणि सुलभा उभी राहून रडत होती.

झालं होतं असं. सुलभाला सातवा लागला होता तेव्हा ग्रहण आलं. सासूनं, कौसाबाईनं, तिला निजवून ठेवलं होतं. हलायचं नाय, कापायचं नाय, बांधायचं नाय. पण पैठणीचं काम अंगावर आलेलं. नवरा मागावर बसलेला, आणि ताण्यातला धागा तुटला. त्यानं हाक मारली, ही उठली, धाग्याला गाठ मारली आणि परत येऊन निजली. बाळ झालं, सासरची माणसं पाहायला आली, आणि हात पाहून कौसाबाईनं तिथंच सांगितलं: ग्रहणात धाग्याला धागा जोडला, म्हणून बोटाला बोट जोडलं गेलं. हिनं ऐकलं नाय, आता हिनंच निस्तरावं. ग्रहण लागलेलं पोर मागाच्या घरात नको. बारसं राहिलं, पाळणा राहिला, आणि सुलभाला न्यायला कुणी येईना. नवरा आईपुढं तोंड उघडत नव्हता.

"सातवा महिना?" मॅडम ओरडल्या. "सातव्या महिन्यात गाठ मारली? अगं येडे, हात तर दुसऱ्या महिन्यातच तयार होतो! बोटं मोजून झाल्यावर तुझं ग्रहण आलं! मी शिकवलं काय आणि तू सासूला सांगितलं काय?"

"मी सांगितलं, मॅडम. त्या म्हणाल्या, अंडी फोडून शिकलेलं आमच्या घरात सांगू नको."

मॅडमनं पोराचा हात पुन्हा दुपट्यात गुंडाळला. मग म्हणाल्या, "सोयगाव, रविवारी पैठण."

रविवारी आम्ही एस.टी.नं निघालो. मांडीवर जेवणाचा डबा, डब्यात कापसात गुंडाळलेली अंडी, पर्समध्ये अत्तराच्या दोन बाटल्या. मी म्हटलं, मॅडम, हे कशाला? तर म्हणाल्या, शिकवायला जाते आहे, सामान नको का? वाटेत कंडक्टर अत्तराच्या वासानं हैराण झाला, त्याला वाटलं आम्ही लग्नाला चाललोय.

कौसाबाई उंच, काटक, आवाजात जरब. उजवा हात सारखा पदराखाली. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा आणि मुलगा मागाशी बसले होते. मॅडमनं सगळं मांडलं. अंड्याला खिडकी पाडली, आत धडधडणारं पिल्लू दाखवलं. कौसाबाईनं नाकाला पदर लावला. मग मॅडमनं अत्तर उघडलं आणि सासऱ्याला, मुलाला, मला ओळीत उभं करून निरोप कसा जातो ते दाखवलं. सासरा इमानेइतबारे करंगळी वर करून उभा राहिला.

"मग हा निरोप असतो कशाचा?" कौसाबाईनं विचारलं.

"ते अजून कुणालाच माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. खोटं बोलायची सोय नाही ना!

"घ्या! आन् म्हनं शिकिवते. बाई, तुमच्या निरोपाचं तुमालाच ठावं नाय. आमचं ग्रहण तर सगळ्या गावानं डोळ्यानं बघितलंय."

मॅडमनं अत्तराच्या बाटलीला बूच लावलं. इतक्या वर्षांत मी त्यांना वादात हरलेलं पहिल्यांदाच पाहत होते. मला रडूच फुटायच्या बेताला आलं, कारण आम्ही रिकाम्या हातानं परतलो असतो तर सुलभाचं घर गेलंच होतं. पण पाहुणे ते पाहुणे. कौसाबाई म्हणाली, "चहा घेऊन जावा," आणि आम्हा दोघींना आत चुलीशी बसवलं.

तिनं चहा गाळला, कपबशी उजव्या हातानं पुढं केली, आणि मॅडमनं सवयीनं कपाच्या आधी हातच धरला. त्यांचं बोट तिच्या करंगळीच्या बाहेरच्या कडेवर थांबलं. मलाही दिसलं. तिथं तांदळाएवढा एक गुळगुळीत उंचवटा होता.

मॅडमचे डोळे असे चमकले, की मी ओळखलं, आता घर डोक्यावर घेणार. "अरे, ये तो यहाँ..." एवढं खच्चून ओरडून झालंही. मग त्यांनी कौसाबाईच्या तोंडाकडं पाहिलं. ते तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"काय झालं हो?" बाहेरून सासऱ्यानं विचारलं.

मॅडमनं एक क्षण माझ्याकडं पाहिलं. मग कपातला चहा सरळ स्वतःच्या पांढऱ्या साडीवर ओतला आणि ओरडल्या, "कुछ नहीं भाईसाब, चहा सांडला!" पोळलं असणार. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

कौसाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग आवाज बारीक करून बोलली, "मायनं रेशमाच्या धाग्यानं बांधलं व्हतं. आपोआप वाळून पडलं म्हनं. सासरी कुणाला सांगू नको म्हणून देवापुढं शपथ घातली. घरधन्यालाबी ठावं नाय." मग म्हणाली, "पोराचा हात बघितला आन् आधी माझा हात पदराखाली घेतला. म्हटलं, आता समदे माझ्याकडंच बघतील. तेवढ्यात ग्रहणाचं आठवलं."

"तुमच्या मुलाला नव्हतं?" मॅडमनं कुजबुजून विचारलं. त्यांना कुजबुजता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"नाय. चांगला पाच बोटांचा झाला. मी त्याच दिवशी देवाला नारळ फोडला."

"असं होतं कधी कधी. एका पिढीत गप्प बसतं आणि पुढं निघतं. तुमची काही चूक नाही, आक्का. तुमच्या आईची नाही. सुलभाची पण नाही."

"दुखतं अजून, थंडीत. हितंच." कौसाबाईनं तो उंचवटा दाबून दाखवला. इतक्या वर्षांत तिनं तो हात कुणापुढं पहिल्यांदाच उघडा धरला असेल.

आम्ही बाहेर आलो. मॅडमनं तोंड उघडलं तशी मी मागून त्यांचा पदर धरला. त्या म्हणाल्या, "मी आक्कांना समजावलं. ग्रहणाचा काही संबंध नाही, त्यांना पटलं." बस, एवढंच. मुलगा आईकडं पाहायला लागला. कौसाबाईनं खुंटीवरची शाल काढली, नवऱ्याला म्हणाली, "मी नातू आणायला चालले. पाळणा पुसून ठेवा," आणि आमच्याआधी उंबरा ओलांडून बस-स्टँडच्या वाटेला लागली.

सुलभाच्या माहेरी पोचल्यावर ती पायही न धुता आत गेली. सरळ पोर उचललं. त्याच्या त्या सहा बोटांच्या मुठीत तिनं आपली करंगळी दिली आणि सुलभाला म्हणाली, "ह्याचं बोट दवाखान्यात दाखवू. कुणी म्हनलं तरी धाग्यानं बांधायचं नाय. ऐकलंस का? बांधायचं नाय." सुलभाला त्यातलं काहीच कळलं नाही, ती रडत मान हलवत राहिली. मॅडम दाराशी पाठ करून उभ्या होत्या आणि साडीवरचा चहाचा डाग रुमालानं घासत होत्या. तो डाग जाणार नव्हता, आणि त्यांना ते कळत होतं.

पुढं दोन-तीन वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या. आरशातला पंख त्यांना शेवटपर्यंत पाहायला मिळाला नाही. कधी वीज गेली, कधी अंडी वांझ निघाली, कधी त्यांच्याच डोळ्यांनी नकार दिला. निरोप समारंभाला हॉल गच्च भरला होता. भाषणं झाली, हार झाले. मग एक नव्यानं लागलेले तरुण प्राध्यापक उठले आणि म्हणाले, "मॅडम, अंड्यात जमलं नाही, पण माणसांत? इतके हात पाहिलेत तुम्ही. एखाद्या घरात पिढ्यान् पिढ्या उतरलेलं जास्तीचं बोट पाहिलं का कधी? आजीपासून नातवापर्यंत, असं काही? आपल्या भागातलं असं उदाहरण मिळालं तर छापता येईल, तुमच्या नावानं."

मी पुढच्या रांगेत होते. ही बाई आयुष्यभर ज्या जास्तीच्या बोटामागं धावली, ते तिला पैठणच्या चुलीपाशी सापडलं होतं, आणि आज सगळं कॉलेज कान देऊन बसलं होतं.

मॅडमनं माइक हातात घेतला. हॉलवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी नाही पाहिलं."

"एकही नाही?"

"एकही नाही, बाबा. सांगते ना."

इतक्या सहज बोलल्या, की सगळ्यांनी विश्वास ठेवला. ठेवणारच, त्या कधी खोटं बोलल्या होत्या? मग त्या खाली आल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि माझा हात हातात घेतला. पहिल्यांदाच त्यांची बोटं काही चाचपत नव्हती. नुसता हात धरून बसल्या होत्या.